दुसरा घास

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या सकाळी हे होतं: टोमॅटोचा सॉस शिजवायचं बारा लिटरचं पातेलं, एक. गॅसची शेगडी, एक, आणि तिला जोडलेलं अर्धं संपलेलं सिलिंडर. जुन्या पडद्याची जाळी कापून शिवलेली पिशवी. मांस भाजताना खुपसतात तो थर्मामीटर. पंधरा लिटरचं पांढरं प्लास्टिकचं पिंप, त्याच्या झाकणावर बुडबुड्यांची वाकडी नळी. भरडलेली बार्ली तीन किलो. माल्टच्या पाकाचा डबा, एक. कडूपणासाठी हॉप्सच्या फुलांची एक पुडी, यीस्टची दोन पाकिटं. कारखान्यातून आणलेल्या कच्च्या तपकिरी साखरेची गोणी, तोंड उघडं. बिअरमधली साखर मोजायचा हायड्रोमीटर नव्हता. तो आदल्या आठवड्यात धुताना सिंकमध्ये फुटला होता. त्याच्या जागी झिओने उसाची दुर्बीण ठेवली होती.

दुर्बीण म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. ऑस्ट्रेलियातल्या या हर्बर्ट नदीकाठच्या प्रत्येक ऊसवाल्याकडे तो असतो. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, नळी उजेडाकडे धरायची आणि आतल्या पट्टीवर साखर किती ते वाचायचं. ऊस तोडायचा की ठेवायचा, हे त्या पट्टीवर ठरतं. मी साखरेच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, माझं पोट याच वाचनावर चालतं.

"एवढ्या सामानात बारा टक्क्यांची बिअर?" मी विचारलं.

"तुझ्या प्रयोगशाळेत किती सामान आहे?" झिओ म्हणाला.

"पुष्कळ."

"आणि बिअर?"

झिओ टुल्लिओ माझ्या आईचा भाऊ. झिओ म्हणजे इटालियनमध्ये मामा. वय अठ्ठ्याहत्तर. जमीन आता त्याने शेजारणीला कसायला दिली आहे. घर मात्र सोडलेलं नाही. उंच लाकडी खांबांवरचं हे घर त्याच्या बापाने बांधलं. दर पावसाळ्यात तो एक कडक, काळपट बिअर घालतो. ती बाटल्यांत चार महिने मुरते आणि गळीत हंगामाचा पहिला ऊस कारखान्यात गेला की त्या दुपारी फुटते. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. मात्र बिअर घालताना त्याच्या शेजारी उभी राहिले ती याच वर्षी, आणि तेही मला तसं सांगण्यात आलं होतं म्हणून.

मागच्या वर्षी त्याने बाटल्यांत साखर दोनदा घातली. बाटलीत भरताना चिमूटभर साखर घालायची असते, फेस यावा म्हणून. त्याने सगळ्या बाटल्यांत घातली, जेवायला गेला, आणि परत येऊन पुन्हा सगळ्यांत घातली. तीन आठवड्यांनी एक बाटली फुटली तेव्हा त्याची मुलगी लोरेडाना खोलीत होती. काच तिच्या कानाजवळून जाऊन कपाटाच्या दारात रुतली. लोरेडानाने त्याला टाउन्सव्हिलला डॉक्टरकडे नेलं, तिथल्या वृद्धाश्रमात एक खोली पाहिली आणि ती राखून ठेवायला लावली.

झिओ ओरडला नाही. त्याने सौदा केला. "यंदाची बिअर ऑर्नेलासमोर घालतो," तो तिला म्हणाला. "काही विसरलो, काही दोनदा केलं, तर मुकाट्याने येतो. सगळं नीट झालं तर ती खोली दुसऱ्या कुणाला तरी दे."

म्हणून मी रजा काढून आले होते.

पातेलं लहान असलं की अडचण अशी असते: कडक बिअरला धान्य जास्त लागतं, आणि धान्य जास्त घातलं की पाण्याला जागा उरत नाही. झिओ अर्धं धान्य जाळीच्या पिशवीत घालून गरम पाण्यात तासभर भिजवायचा, पिशवी पिळून काढायचा, आणि त्याच गोड पाण्यात दुसरं अर्धं भिजवायचा. मग त्यात पाक, हॉप्स आणि उकळी. दहा लिटर झालं. दुर्बिणीत एकोणीस दिसलं. त्याला एकोणीसच हवं होतं.

"एवढ्याने आठ टक्के होतील," मी हिशेब करून म्हणाले.

"पुढचं साखरेचं. पण ती आत्ता नाही."

"का?"

"यीस्ट म्हणजे पोरं. पहिल्याच दिवशी सगळं ताटात वाढलंस तर पोट धरून पडतात. आधी आहे ते खाऊ दे. मग एक घास, मग दुसरा घास."

घास म्हणजे एक पत्र्याचा मग भरून कच्ची साखर, थोड्या पाण्यात उकळून, गार करून. मी मग वजन करून पाहिला: चारशे ग्रॅम. पहिला घास तिसऱ्या दिवशी, दुसरा पाचव्या. एक घास म्हणजे साधारण दोन टक्के. दोन्ही मिळून बारा.

पहिला घास त्याने माझ्यासमोर घातला. पिंपाचं झाकण उघडताना त्याने मुद्दाम माझ्याकडे वळून दाखवलं, जादूगार रिकामी टोपी दाखवतात तसं. "बघ. एक. लिहून घे, पोलिसीणबाई."

"मी पोलीस नाही, झिओ."

"मग कशाला माझ्या मागेमागे संडासापर्यंत येतेस?"

"आज फक्त दारापर्यंत आले होते."

पाचव्या दिवशी पूर आला.

नदी सकाळीच काठ सोडून उसात शिरली होती. दुपारी ती कुंपणाच्या आत आली. झिओ बिअर घालतो ती जागा खाली, खांबांमध्ये, धुण्याच्या मशीनशेजारी आहे. फ्रीजर, अवजारं, कोंबड्या आणि पिंप, सगळं वर न्यायचं होतं. पिंप आम्ही दोघांनी मिळून उचललं आणि न्हाणीघरातल्या टबमध्ये ठेवलं. टबात गार पाणी राहतं, बिअर तापत नाही. मग मी खाली गेले. पुढचे दोन-तीन तास मी खाली होते आणि तो वर. मी जिन्यावरून सामान वर ढकलत होते, तो ते ओढून घेऊन कुठेकुठे ठेवत होता. मध्येच शेजारीण नोएलीन आपली बोट घेऊन आली आणि तिच्या घरी अडकलेल्या माणसांसाठी साखर, पीठ, चहा मागून घेऊन गेली. वीज गेली. अंधार पडायच्या आत पाणी खांबांवर जुन्या पुरांच्या रंगवलेल्या खुणांपैकी एकीच्या वर होतं.

त्या दिवशी मी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार लावलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टबाकडे बघताना मी विचारलं, "दुसरा घास घातलास ना?"

"घातला."

उत्तर फार लवकर आलं. तो चहा ढवळत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "घातला असणार."

मग आम्ही अडकलो. घराभोवती सगळीकडे तांबडं पाणी, त्यात उसाचे शेंडे, आणि त्यावरून वाहत जाणारं पाचट. खांबांवर मुंग्यांचे गोळे चढले. एक साप व्हरांड्याच्या तुळईवर येऊन पसरला आणि तिथेच राहिला. झिओने त्याला हाकललं नाही, "त्याला तरी कुठे जागा आहे," म्हणाला. फोनला रेंज फक्त व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात, सापाच्या खालीच. टबात पिंप असल्यामुळे अंघोळ बादलीने. घरात चालायला दोन खोल्या आणि व्हरांडा, कारण बाकी सगळीकडे खालचं सामान रचलेलं. आम्ही एकमेकांना वाट देत आडवे होऊन जायचो.

झिओ दुर्बीण घेऊन बसला. बिअर पिंपात गप्प झाली होती. नळीतून बुडबुडा येत नव्हता. यीस्टने साखर संपवली की आकडा खूप खाली यायला हवा, पाच-सहाच्या आसपास. त्याने थेंब घेतला. तेरा.

संध्याकाळी पुन्हा. तेरा.

"अडकली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेरा. त्याने पिंप हलवलं, टबातलं पाणी बदललं, पिंपाला ओला टॉवेल गुंडाळला, मग काढला. तेरा. मी पाहिलं, मलाही तेराच दिसलं. अर्धी साखर तशीच पडलेली, आणि यीस्ट मेलेलं.

"मी दोनदा घातला असेन दुसरा घास," तो म्हणाला. "पोरं गुदमरली."

मी पिंपाचं झाकण पुन्हा घट्ट बसवलं.

"किंवा घातलाच नाही. आणि दुसरंच काहीतरी घातलं. मीठ घातलं का मी? ऑर्नेला, मीठ बघ कुठे आहे."

मीठ जागेवर होतं. मीठ मिळाल्याने त्याला बरं वाटलं नाही. त्या दिवसापासून तो प्रत्येक काम करताना मोठ्याने बोलू लागला. "गॅस बंद करतोय." "गॅस बंद केला." मग उठून जाऊन बघायचा. मागचं दार लावलं की परत जाऊन कडी हलवायचा. गोळी घेतली की रिकामं पाकीट माझ्यासमोर धरायचा. आधी तो असा नव्हता. इतके दिवस मी त्याच्यावर लक्ष ठेवून होते. आता तोही स्वतःवर लक्ष ठेवायला लागला होता, आणि तो माझ्यापेक्षा फार कडक होता.

नोएलीन ब्रेड आणि दूध घेऊन आली. तिने बोटीची दोरी व्हरांड्याच्या कठड्याला बांधली आणि पाय वर टाकून आत आली. तुळईकडे बघून म्हणाली, "भाडं देतो का हा?"

"तुझ्याइतकंच," झिओ म्हणाला.

तिने न्हाणीघरात डोकावलं. "टबात कोण अंघोळ करतंय, टुल्लिओ, तू की बिअर?"

"बिअरला अजून वास येत नाही."

"तुला येतो, म्हणून विचारलं."

तो हसला, पण डोळे तिच्याकडे नव्हते. मी तिला एका बाजूला घेऊन विचारलं, पुराच्या दिवशी तू गोणीतून किती साखर नेलीस? दुसऱ्या घासाची साखर गोणीतून गेली की नाही, हे गोणीच्या वजनावरून कळलं असतं.

"अगं, माझ्या घरात तेव्हा अकरा माणसं आणि एक रडकं बाळ," ती म्हणाली. "ओंजळीने घेतली, भांड्याने घेतली. परवा पुन्हा नेली. का, कमी पडतेय?"

"नाही."

"मग तोंड का पाडलंयस? तुम्हा दोघांचीही तोंडं बघा. मेलंय कोण?"

"यीस्ट," झिओ आतून ओरडला.

जाताना त्याने तिला थांबवलं. "पाणी उतरलं की मला तुझ्या बोटीतून रस्त्यापर्यंत सोड. एक बॅग असेल."

नोएलीनने माझ्याकडे पाहिलं. मी कठड्याची गाठ सोडायला खाली वाकले.

त्या दुपारी त्याने खरंच बॅग काढली. पलंगावर चार सदरे घडी करून ठेवले, एक काढून परत कपाटात ठेवला, पुन्हा बाहेर घेतला. मग कंटाळून व्हरांड्यात आला, ग्रप्पाची, म्हणजे द्राक्षांच्या चोथ्याच्या कडक दारूची, बाटली उघडली, आणि सवयीने दुर्बीण पुसायला घेतली. पाणी मोजून वापरत होतो म्हणून त्याने काचेवर ग्रप्पाचेच दोन थेंब टाकले.

"दे इकडे, मी पुसते," मी म्हणाले. पुसण्याआधी मी नळी उजेडाकडे धरली. का धरली, सांगता येत नाही. हातात आली की डोळा लावायचा, ही कामाची सवय. पट्टीवर रेघ पंधरावर होती.

मी पुन्हा पाहिलं.

"झिओ, ग्रप्पात साखर असते का?"

"हा प्रश्न या घरात पुन्हा विचारू नकोस. तुझी आजी स्वर्गात ऐकेल."

"खरंच विचारतेय. थेंबभरही नसते ना?"

"साखर घालतात ते चोर."

मी काच पुसली, टाकीचं पाणी टाकलं. शून्य. पुसली, ग्रप्पा टाकला. पंधरा. त्याला दाखवलं. त्याने चष्मा वर केला, एक डोळा मिटला, बराच वेळ बघितलं.

"बिघडली," तो म्हणाला.

"नाही. ही साखर मोजतच नाही. उजेड किती वाकतो ते मोजते. उसाच्या रसात उजेड वाकवायला साखरच असते, म्हणून चालतं. बिअरमध्ये अल्कोहोल आहे, तेही वाकवतं. बिअर तयार झाली तरी ही तेरा दाखवेल. आयुष्यभर तेरा दाखवेल." मला हे माहीत होतं. पुस्तकात एक ओळ आहे, परीक्षेत मी ती लिहिलीसुद्धा होती. पण प्रयोगशाळेत रोज रसच येतो, बिअर येत नाही.

"म्हणजे अडकली नाही."

"बहुतेक नाही."

"पोरं जेवून हात धुऊन बसलीयत."

"हो."

तो खुर्चीत मागे टेकला. मला वाटलं तो उठून मला मिठी मारेल, निदान ग्रप्पा तरी ओतेल. तो पाण्याकडे बघत होता.

"किती जेवली?" त्याने विचारलं.

बिअर तयार झाली, एवढंच कळलं होतं. दुसरा घास पोटात गेला का, एकदा गेला की दोनदा, हे त्या तेरावरून मला काढता येत नव्हतं.

फोन वाजला तो तेव्हाच. लोरेडाना. मी तुळईखाली उभी राहून बोलले, डोक्यावर सापाची शेपटी.

"कसे आहेत?"

"बरे आहेत."

"ऑर्नेला, खरं सांग. मदतीच्या बोटी उद्या म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढणार आहेत, मी नाव दिलंय. आश्रमवाले रोज विचारतायत, खोली ठेवू की सोडू. मी काय सांगू? ते काही विसरले का?" तिचा आवाज बसलेला होता. मागे तिची मुलं भांडत होती. "मला त्यांना कोंडायचं नाहीये गं. पण पुन्हा काहीतरी फुटेल आणि मी तिथे नसेन, असं रोज वाटतं मला."

"दुसऱ्या घासाच्या वेळी मी खाली होते," मी म्हणाले. "मला माहीत नाही."

"म्हणजे विसरलेच असतील."

झिओने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकर लावला. "लोरी."

"पपा, मी—"

"मला आठवत नाही. दुसरा घास घातल्याचं आठवत नाही. तुला खोटं सांगत नाही."

पलीकडे तिने भांडणाऱ्या मुलांना दुसऱ्या खोलीत पिटाळलं.

"पण आठवणं वेगळं आणि करणं वेगळं. तुझ्याशी सौदा झालाय तो करण्याचा. केलं की नाही, ते ही पोरगी मोजेल." त्याने फोनवर हात ठेवला. "मोजता येईल ना?"

मी मनात उजळणी केली. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. बिअरचं वजन करायचं, उकळून अल्कोहोल उडवून लावायचं, जितकं उडालं तितकं पाणी भरायचं, पुन्हा वजन करायचं. दुसऱ्या वेळी जेवढं जास्त भरेल त्यावरून अल्कोहोल किती होतं ते कळतं. पातेलं आहे, गॅस आहे, सेलवर चालणारा स्वयंपाकघरातला काटा आहे. "येईल," मी म्हणाले. "पण झिओ, नाही मोजलं तरी चालेल. बिअर चांगली झालीय एवढंच सांगू तिला. ते खोटं नाही."

"आणि मी रोज रात्री पडल्यापडल्या काय करू? कडी हलवू?"

तो पुन्हा फोनवर बोलला. "येईल म्हणते."

"आणि मग?" लोरेडाना म्हणाली.

"तू सांग."

"दोन्ही घास एकेकदाच गेले असतील तर मी खोली सोडते. नाहीतर उद्या तुम्ही बोटीत बसायचं. पपा, मग वाद नको."

"बॅग भरलेलीच आहे," तो म्हणाला.

आधी मापं बनवली. तक्ते पाहायला इंटरनेट नव्हतं, म्हणून ग्रप्पा. त्याच्या बाटलीवर चाळीस टक्के लिहिलेलं होतं. वाईनची दोन लिटरची, अरुंद गळ्याची काचेची सुरई घेतली आणि गळ्यावर खिळ्याने एक ओरखडा काढला. ओरखड्यापर्यंत नुसतं पाणी भरून वजन केलं. मग सहाशे मिलिलिटर ग्रप्पा आणि वर ओरखड्यापर्यंत पाणी, म्हणजे बरोबर बारा टक्के. ते नुसत्या पाण्यापेक्षा बत्तीस ग्रॅमने हलकं भरलं.

"सहाशे!" झिओ म्हणाला. "रक्त काढलं असतंस तरी चाललं असतं."

"पिता येईल नंतर."

"पाणी घातलेला ग्रप्पा? मला वृद्धाश्रमातच टाका."

त्यातलंच थोडं काढून पाण्याने भरलं आणि दहा टक्के केलं. सत्तावीस ग्रॅम. पुन्हा थोडं काढलं आणि उरलेला ग्रप्पा वर ओतून चौदाच्या जवळ नेलं. छत्तीस.

मी तिन्ही आकडे त्याला मोठ्याने सांगितले. सत्तावीस आलं तर दुसरा घास राहिला. बत्तीस आलं तर दोन्ही गेले. छत्तीस किंवा वर, तर दुसरा दोनदा गेला. त्याने ते माझ्यामागून म्हटले, शाळेत म्हणतात तसे, आणि लोरेडानाला फोनवर तसेच म्हणून दाखवले. ती म्हणाली, मी फोन ठेवत नाही. त्याने तो कठड्यावर उताणा ठेवला.

पिंपाच्या तोटीतून दोन लिटरपेक्षा थोडी जास्त बिअर काढली. काळी, जवळजवळ जांभळी. वास मनुकांचा आणि मळीचा. त्याला चव घ्यायची होती. मी नको म्हटलं, त्याने हात मागे घेतला. दोन भांड्यांत उलटसुलट ओतून तिच्यातला वायू घालवला, कारण बुडबुडे राहिले तर माप चुकतं. फेस बसेपर्यंत थांबलो. सुरई ओरखड्यापर्यंत भरली, शेवटचे थेंब चमच्याने. काटा सपाट लादीवर ठेवला. तीन हजार एकशे एकाहत्तर.

मग सगळी पातेल्यात. सुरई थोड्या पाण्याने विसळून तेही पातेल्यात. गॅस मंद, उतू जाऊन एक थेंबही वाया जाऊ नये म्हणून. झिओ शेगडीसमोर स्टूल टाकून बसला. आधी वाफेला दारूचा वास होता, मग तो गेला आणि उकडलेल्या पावाचा वास राहिला. सिलिंडरची ज्योत मध्ये एकदा पिवळी पडली. आम्ही दोघांनीही एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं. ती पुन्हा निळी झाली.

"संपलं असतं तर?" त्याने विचारलं.

"उद्याची बोट आली असती."

"हं."

बिअर आटून अर्ध्यावर आल्यावर गॅस बंद केला. त्याने या वेळी ते मोठ्याने म्हटलं नाही. पातेलं टबातल्या पाण्यात पिंपाशेजारी ठेवलं, कारण दुसरं वजन पहिल्याच तापमानाला व्हायला हवं होतं. मांसाचा थर्मामीटर आत सोडला. तो उतरायला फार वेळ लागला. कठड्यावरच्या फोनमधून लोरेडानाच्या घरातले आवाज येत होते: कुणीतरी नळ सोडला, कुणीतरी ताट आपटलं, ती कुणाला तरी म्हणाली, थांब, आजोबा मोजतायत.

झिओ टबाच्या काठावर बसला होता. "मी इथेच बसलो होतो का त्या दिवशी?" तो म्हणाला. "इथे बसून झाकण उघडलं असेल. मगातून ओतलं असेल. हात करत असतील आणि डोकं खाली कोंबड्यांकडे असेल."

"असेल."

"किंवा नसेल."

"थर्मामीटर बघ," मी म्हणाले.

त्याने बघून आकडा सांगितला. मी स्वतः वाकून पुन्हा वाचला नाही. तो आकडा पहिल्या वजनाच्या वेळचाच होता.

पातेल्यातलं सगळं नसराळ्याने सुरईत ओतलं. पातेलं टाकीच्या पाण्याने विसळलं, तेही आत. मग पाणी, ओरखड्याच्या जवळ येईपर्यंत. तोंडावर हाताचा पंजा दाबून सुरई दोनदा उलटी केली, म्हणजे सगळं एकजीव होईल. शेवटचं पाणी झिओने घातलं. चमच्याने, एकेक थेंब, गळ्याच्या उंचीवर डोळा आणून. पाण्याची कड ओरखड्याला टेकली तेव्हा तो थांबला.

मी सुरई बाहेरून कोरडी पुसली. काट्यावर शून्य आहे ना ते पाहिलं. ठेवली. आकडे हलले आणि स्थिर झाले.

"चष्मा नाही माझ्याकडे," तो म्हणाला. चष्मा त्याच्या डोक्यावर होता. "मोठ्याने वाच. लोरीला ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. तीन हजार दोनशे तीन. त्यातून पहिलं वजन वजा केलं, तीन हजार एकशे एकाहत्तर.

फरक बत्तीस ग्रॅम.